तेलाचा देश प्रबंधासाठी घेताय?

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी नायजेरिया घेतला. एवढं तेल असून एवढी गरिबी का, याचं उत्तर माझ्याकडे आधीच तयार होतं: भ्रष्टाचार. पहिला मसुदा वाचून मार्गदर्शक म्हणाले, "भ्रष्टाचार कुठं नाही? मग इथंच असं का?" महिन्याभराचं लिखाण बाजूला ठेवावं लागलं.

पुढचा फटका आकड्यांचा. जीडीपीची जुनी आणि नवी मालिका मी एकाच आलेखात जोडली आणि अर्थव्यवस्थेनं झेप घेतली असं ठोकून दिलं. प्रत्यक्षात 2014 मध्ये पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि अर्थव्यवस्थेची रचना धरून हिशोब होतो ते, 1990 वरून 2010 वर आणलं होतं. तेवढ्यानं 2013 चा जीडीपी 89 टक्क्यांनी वाढला आणि नायजेरियानं दक्षिण आफ्रिकेला मागं टाकलं, तेही कागदावरच. गरिबीच्या आकड्याचंही तेच. 2019 च्या पाहणीत 40.1 टक्के लोक गरीब निघाले, पण त्यात बोर्नो राज्य धरलेलंच नाही. हिंसाचारामुळे तिथं सगळीकडे पोचता आलं नाही. तळटिपा आधी वाचा, आलेख नंतर काढा.

सूर सापडला तो पैशाच्या वाटेवर. 1956 साली ओलोइबिरी या गावात तेल सापडलं, त्या काळात निर्यात चालायची ती उत्तरेतल्या कानोचा भुईमूग, पश्चिमेचा कोको आणि पूर्वेचं पामतेल यांवर. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, चलन वधारलं, बाहेरचा माल स्वस्त पडू लागला आणि शेतीमालाची निर्यात बसली. याला 'डच रोग' म्हणतात. परीक्षेत व्याख्या लिहून गुण मिळतात, प्रबंधात नाही.

आता तेलाचा महसूल केंद्राच्या एका खात्यात जमतो आणि दरमहा केंद्र, राज्यं, स्थानिक संस्था यांच्यात वाटला जातो. तेल निघतं त्या राज्यांना त्यातले किमान 13 टक्के वेगळे. बहुतेक राज्यांचा संसार या हप्त्यावर चालतो. मग लोकांकडून कर वसूल करायची घाई कुणाला? आणि ज्यानं कर दिला नाही, तो हिशोब तरी कोणत्या तोंडानं मागणार? माझा प्रबंध शेवटी या एका प्रश्नावर उभा राहिला.

पुन्हा करायचं झालं तर अख्खा देश घेणार नाही. ओलोइबिरी जिथं आहे ते बायेल्सा आणि तेल नसलेलं कानो, एवढीच दोन राज्यं पुरेत. मासिक वाटपाचे तक्ते इंग्रजीत, खुले मिळतात. पहिला आठवडा त्यांनाच द्या.