बेअरिंग गेलेले ग्लो इंजिन दुरुस्त करताना या चुका टाळा

ग्लो इंजिन म्हणजे मॉडेल विमानाचे मिथेनॉलवर चालणारे छोटे इंजिन. पहिली चूक स्क्रू सैल करण्याआधीच होते. इंजिन अडकले की "फिरतंय का बघू" म्हणून प्रॉप (पंखा) हाताने, कधी स्टार्टरनेही फिरवला जातो. मागच्या बेअरिंगची केज (छर्रे जागेवर धरणारी कडी) तुटली असेल तर तिचे तुकडे ट्रान्सफर पोर्टमधून (इंधन वर नेणाऱ्या वाटांतून) वर चढतात आणि पिस्टन व लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) यांच्या मध्ये सापडतात. एबीसी इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेला पितळी लायनर असतो. लायनर वर किंचित निमुळता असतो आणि तिथल्या घट्टपणावरच सगळे कॉम्प्रेशन अवलंबून असते. तिथे उभा चरा पडला की पॉलिश पेपर मारू नका, उरलेला घट्टपणाही जाईल. पिस्टन-लायनरचा जोडच बदलावा लागतो, आणि तो बेअरिंगपेक्षा कितीतरी महाग पडतो.

सायलेन्सरमधून येणारे तेल करडे आणि चमचमते दिसले तर आत धातू झिजतो आहे. तांबूस दिसले तर गंज आहे. दोन्हींत उड्डाण तिथेच थांबवा.

उघडताना आधी ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती तार असलेला प्लग) काढा. प्रॉप ड्रायव्हर (प्रॉपच्या मागची चकती) स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, छोटा पुलर वापरा. लायनर पकडीने धरू नका. कनेक्टिंग रॉडची पुढची बाजू कोणती, हे सुटे करण्याआधी फोटोत टिपा. काही रॉडना तेलाचे भोक एकाच बाजूला असते.

बेअरिंग ठोकून काढण्याचा मोह सर्वांत घातक. कार्ब्युरेटर आणि सगळे ओ-रिंग काढा, क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच, पुढे नुसते केस) धुऊन पूर्ण कोरडी करा (मिथेनॉल पेट घेते, म्हणून हे टाळू नका) आणि १५० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये १०-१५ मिनिटे ठेवा. ओव्हन स्वयंपाकाचा नको. मग जाड हातमोजा घालून केस लाकडावर आपटली की मागचे बेअरिंग बहुधा आपोआप पडते. पुढचे आतून लाकडी दांड्याने ढकला. गॅसच्या ज्योतीने तापवू नका, उष्णता एकाच जागी लागून केस वाकते.

नवे बेअरिंग घेताना जुन्यावरचा क्रमांक वाचा आणि कॅलिपरनेही मोजा. ४६ आकाराच्या (०.४६ घनइंच) बऱ्याच इंजिनांत मागे १५×२८×७ मिमी आणि पुढे ७×१९×६ मिमी असते, पण गृहीत धरू नका. मागचे उघडे हवे. पुढच्याला फक्त बाहेरच्या बाजूने सील हवे, म्हणजे इंधनातले तेल आतून पोहोचते. दोन्ही बाजूंनी सील असेल तर आतले अलगद काढा.

बसवताना बेअरिंग पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि केस पुन्हा तापवा. हाताच्या दाबाने ते आत जाते. जोर लावावाच लागला तर केसमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर लावा, शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या. जोर छर्ऱ्यांतून गेला की रिंगवर बारीक खड्डे पडतात आणि कोरे बेअरिंग पहिल्याच दिवशी खडखडते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते धुण्याकडे. केसचे बायपासचे खोबण, क्रँकशाफ्टचे पोकळ भोक, सायलेन्सर, सगळे रॉकेलने ब्रश घालून धुवा आणि पांढऱ्या फडक्यावर निथळवा. फडक्यावर एकही कण दिसता कामा नये. सायलेन्सरच्या दाबाची नळी टाकीत जाते, त्यामुळे टाकी आणि फिल्टरही तपासा. क्रँकपिन निळसर पडली असेल किंवा रॉडच्या मोठ्या टोकात खेळ जाणवत असेल तर तेही बदला.

फक्त बेअरिंग बदलले असेल तर एक टाकी थोड्या जास्त इंधनावर पुरे. पिस्टन-लायनर नवा असेल तर मात्र खूप जास्त इंधनावर थंड चालवत बसू नका. एबीसीचा लायनर नीट तापला तरच वर पुरेसा प्रसरतो. थंड राहिला तर पिस्टन तिथेच घासत राहतो.

उरलेले मिथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्ल राहते. बहुतेक बेअरिंग याच गंजाने जातात. कोकणातल्या पावसाळ्यात तर आठवडाभरही तसेच ठेवू नका. शेवटच्या उड्डाणानंतर इंधनाची नळी काढून, प्लग तापवत इंजिन कोरडे होईपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन तेलाचे (उड्डाणानंतर घालायचे गंजरोधक तेल) ८-१० थेंब टाकून स्टार्टरने काही सेकंद फिरवा.