सांबारवडी: सारण कोरडं हवं

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात नागपूरला सासूबाई म्हणाल्या, "दोन जुड्या सांबार आणता का?" 'जुड्या' मला ऐकूच आलं नाही आणि मी पुण्याचा जावई स्टीलचा डबा घेऊन निघालो. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत ती कोवळी आणि स्वस्त, म्हणून सांबारवडी, म्हणजे पुडाची वडी, करायची ती थंडीतच.

ही वडी बिघडते ती पाण्यामुळे. कोथिंबीर आदल्या रात्री धुऊन पंचावर पसरा. सकाळी हाताला ओल लागता कामा नये. जाड देठ काढून बारीक चिरा. चार वाट्या भरायला हवी.

दोन चमचे तेलात हिंग, हळद, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा घाला. त्यावर दोन चमचे तीळ, दोन चमचे चारोळी, चमचाभर खसखस आणि अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस. खोबरं तांबूस झालं की गॅस बंद, मगच कोथिंबीर. नुसती हलवायची, शिजवायची नाही. मीठ आणि चिमूटभर साखर अगदी भरायला बसल्यावर. मी एकदा शहाणपणा करून तासभर आधी मीठ घातलं. सारणाला पाणी सुटलं, वड्या कढईत फुटल्या आणि तेल थेट चष्म्यावर.

पारीला दोन वाट्या बेसन, अर्धी वाटी मैदा, तिखट, हळद, ओवा, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट भिजवा.

चिंचेच्या दाट कोळात काळा मसाला आणि थोडं तेल कालवून ठेवा. लिंबाएवढा गोळा लांबट लाटून हा लेप कडा सोडून बोटाने लावा. कडेला लागला तर पारी चिकटत नाही. मधोमध सारण मुठीने दाबून ठेवा. आता वाण्याच्या पुडीसारखं: लांब बाजू एकावर एक, पाण्याचं बोट फिरवून चिकटवायच्या, मग दोन्ही टोकं दुमडायची. सासूबाई शेवटचं टोक मिटण्याआधी वडी तळहाताने हलकेच दाबतात. आत कोंडलेली हवा निघून जाते. माझ्या वड्या तेलात टम्म फुगायच्या, त्यांच्या कधीच नाहीत, ते यामुळे.

मध्यम आचेवर, दुमडीची बाजू आधी तेलात सोडून तळा. घाई केलीत तर पारी आतून कच्ची राहते.

सोबत गरम कढी. सॉस मागितला तर सासूबाईंना ऐकू येत नाही.