ठाण्याहून सेंट थॉमस कॅथीड्रल पाहायला जाताना

फोर्टमधील सेंट थॉमस कॅथीड्रल पाहायचे असेल, तर ठाणेकरांनी शक्यतो कामकाजाच्या दिवशी, सकाळची गर्दी ओसरल्यावर निघावे. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असण्याची शक्यता असते, आणि सकाळी तेथे उपासना चालते. त्या वेळी पर्यटक म्हणून हिंडणे योग्य नाही. जलद लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौकापर्यंत चालत यावे आणि डावीकडे वीर नरिमन मार्गाला वळावे. हॉर्निमन सर्कलच्या अलीकडेच कॅथीड्रल लागते.

जाण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत करून घ्यावा, म्हणजे वास्तू अधिक कळते. गव्हर्नर जेराल्ड आँजिए यांनी 1676 मध्ये काम सुरू केले, परंतु ते रखडले आणि अर्धवट भिंती कित्येक वर्षे तशाच उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब या धर्मगुरूंनी वर्गणी जमवून काम पुन्हा हाती घेतले, आणि 1718 च्या नाताळात चर्च उपासनेसाठी खुले झाले. मुंबईच्या किल्ल्याचा जो दरवाजा या चर्चकडे नेत असे, त्यालाच चर्चगेट म्हणत. स्थानकाचे नाव त्यावरूनच आले. 1837 मध्ये या चर्चला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला.

आत जाताना पादत्राणे काढावी लागत नाहीत, याचे आपल्याकडील अनेकांना आश्चर्य वाटते. पुरुषांनी मात्र टोपी काढावी आणि सर्वांनी मोबाइल बंद ठेवावा. मासुंदा तलावाजवळील सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आपल्या ओळखीचे असते, परंतु ते कॅथलिक आहे आणि हे मूळचे अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचे), आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. म्हणून तेथील प्रथा येथे गृहीत धरू नयेत. छायाचित्रांसाठी आधी परवानगी विचारावी. कोणी प्रार्थनेला बसले असेल, तर त्यांच्या पुढून जाऊ नये, आणि वेदीजवळच्या कठड्याच्या आत कधीही पाऊल टाकू नये.

सर्वाधिक वेळ द्यावा तो भिंतींवरील संगमरवरी स्मारकांना. माझ्या मते या कॅथीड्रलचे खरे वैभव तेच आहे. रंगीत काचा सुंदर आहेतच, पण त्यांच्यापाशी सगळेच थांबतात. शिलालेख वाचणारे थोडे असतात. 1811 मध्ये निधन पावलेले गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक आवर्जून शोधावे. त्यात वडाच्या झाडाखाली माणूस कोरला असून, बनारस व काठेवाड येथील बालहत्येची प्रथा बंद झाल्याचा उल्लेख आहे. 1808 च्या सागरी लढाईत मारले गेलेले कॅप्टन हार्डिंग यांचे स्मारकही येथेच आहे. इतर शिलालेख वाचताना मृत्यूच्या वेळचे वय पाहत जावे: घरापासून हजारो मैलांवर किती तरुण माणसे दगावली, हे वाचून मन खिन्न होते.

बाहेर पडल्यावर प्रवेशद्वारासमोरील गॉथिक धाटणीचे कारंजे पाहावे. जुन्या मुंबईतील मैलाचे दगड याच चर्चपासूनचे अंतर मोजून बसवले होते, आणि त्यांतील काही आजही शहराच्या रस्त्यांकडेला दिसतात. परतताना वेळ असेल, तर त्यांतला एखादा शोधून त्यावरचा आकडा जरूर वाचावा.