मृत्यूदावा नाकारल्याचं पत्र आलं, तर कलम ४५ हातात घेऊन पुढे काय करायचं

आयुर्विम्याचा दावा नाकारणाऱ्या पत्रात बहुतेक वेळा एकच कारण असतं: विमाधारकाने आजार लपवला. घरची माणसं आधीच खचलेली असतात. ‘महत्त्वाची माहिती दडवली’ हे शब्द वाचून त्यांना वाटतं की चूक आपल्याच माणसाची होती, आणि प्रकरण तिथेच संपतं. तसं संपू देऊ नका. विमा कायदा १९३८ मधलं कलम ४५ नेमकं याच प्रसंगासाठी आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते विमाधारकाच्या बाजूने बरंच भक्कम झालं आहे.

आधी तारखा काढा. पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम (म्हणजे विम्याचं संरक्षण) सुरू झाल्याची तारीख, पॉलिसी बंद पडून पुन्हा सुरू केली असेल तर ती तारीख, आणि रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेतला असेल तर त्याची. यातली जी सर्वांत अलीकडची असेल तिथून तीन वर्षं मोजा. तीन वर्षं उलटल्यावर कंपनीला कोणत्याही कारणावरून पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, फसवणुकीच्या कारणावरूनसुद्धा नाही. वयाचा पुरावा मात्र ती कधीही मागू शकते.

लोक इथेच फसतात. समजा, पॉलिसी जून २०२१ ची आहे, हप्ते थकल्याने ती बंद पडली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. मार्च २०२५ मध्ये मृत्यू झाला. घरचे २०२१ पासून मोजतात आणि निर्धास्त राहतात, पण तीन वर्षं ऑगस्ट २०२३ पासून धरली जातात. ती पुरी झालेली नसतात.

तीन वर्षं झाली नसली तरी लढाई हरली असं नाही. आक्षेप कोणत्या कारणांवर आणि कोणत्या कागदांच्या आधारे घेतला, हे कंपनीने लेखी कळवलंच पाहिजे. पत्रात नुसतं ‘चौकशीत आढळलं’ एवढंच असेल, तर चौकशी अहवाल आणि रुग्णालयाच्या कागदांच्या प्रती लेखी मागा. सोबत प्रस्ताव अर्जाची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रतही मागा.

तो अर्ज हातात आला की प्रकृतीविषयीचे प्रश्न असलेलं पान नीट पाहा. ओळीने सगळीकडे ‘नाही’ वर खूण, तीही एकाच हाताने आणि एकाच पेनाने, खाली फक्त सही वेगळ्या अक्षरात, असं पान अनेक अर्जांत सापडतं. अर्ज एजंटने भरलेला असतो. ज्याने विमा विकला आणि बोलणी केली तो करार घडवण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी मानला जाईल, असं कलम ४५ चं स्पष्टीकरण सांगतं. आजार एजंटला सांगितला होता आणि त्याने लिहिला नाही, असं असेल तर हा मुद्दा ठळकपणे मांडा. त्याच्याशी झालेले संदेश, ईमेल, त्याला दिलेले वैद्यकीय अहवाल, जे असेल ते जोडा. नुसत्या तोंडी सांगण्यावर मुद्दा टिकणं अवघड जातं.

दुसरा प्रश्न विचारायचा तो लपवलेली गोष्ट महत्त्वाची होती का, हा. ती माहिती असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. दहा वर्षांपूर्वी झालेल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख नाही म्हणून दावा नाकारणं या कसोटीवर टिकणं कठीण. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू होतं आणि ते लिहिलं नाही, तर कंपनीची बाजू जड होते. फसवणूक नसून चुकीच्या माहितीवरून दावा नाकारला असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत मिळायला हवेत. ही रक्कम घेताना ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर मुकाट्याने सही करू नका. ‘तक्रार कायम ठेवून स्वीकारत आहे’ असं सहीच्या वर हाताने लिहा.

आता तक्रारीचा क्रम. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हीकडून. पोस्टाची पावती जपून ठेवा. ही पायरी गाळून थेट विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलात तर अर्ज परत येतो. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही नोंद करा. ती कंपनीकडेच पाठवली जाते, पण क्रमांक आणि तारीख हाती राहते.

कंपनीने नकार दिला, समाधानकारक उत्तर दिलं नाही किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जा. राहत्या पत्त्यानुसार किंवा कंपनीच्या शाखेनुसार कार्यालय ठरतं. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील चालत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये. त्याच विषयावर न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर मात्र लोकपाल ते घेत नाही. अर्ज दोन पानांत बसवा: आधी तारखांची यादी, मग कंपनीचं कारण, मग त्या कारणाला एकेक उत्तर, प्रत्येक उत्तरापुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक.

सर्व कागद मिळाल्यावर तीन महिन्यांत निवाडा अपेक्षित असतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिने ३० दिवसांत त्याची अंमलबजावणी करायची असते. तुमच्यावर तसं बंधन नाही, निकाल पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. तिथली मुदत दोन वर्षांची आहे आणि ती दावा नाकारल्यापासून धरली जाते. म्हणून नकाराच्या पत्राची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. जिल्हा आयोगात भरलेले हप्ते ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला शुल्क पडत नाही, आणि तक्रार राहत्या जिल्ह्यातच दाखल करता येते.