थंडीतली कोंबडीशेड : औषधाच्या बाटलीआधी पडद्याकडे बघा

धुळे-जळगावात पारा दहाच्या खाली गेला की शेडचे पडदे चारी बाजूंनी घट्ट लागतात. पिल्लांना ऊब हवीच. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली किंवा शेगडीखाली, ३२ ते ३५ अंश लागतात. पण कोंडलेल्या शेडमध्ये खाली अंथरलेल्या ओल्या तुसातून अमोनिया वायू सुटतो, पक्ष्याच्या श्वासनलिकेचं अस्तर खराब होतं आणि ई. कोलाय या जंतूला वाट मिळते. खरखर सुरू होते, मर लागते, मग आपण पाण्यात अँटिबायोटिक सोडतो. काही जण तर पक्षी ठणठणीत असतानाही 'खबरदारी' म्हणून देतात.

भाऊंनो, हे थांबवा. औषधाने मरणारे जंतू मरतात, न मरणारे उरतात आणि तेच वाढतात. ते विष्ठेतून, मांसातून, शेडमध्ये राबणाऱ्या आपल्याच हातांतून घरात येतात. कोंबड्यांना देतात त्या एनरोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकचा काही भाग कोंबडीच्या अंगात सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतो. हेच औषध डॉक्टर माणसांना देतात. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर बाकीची औषधं चालेनाशी झाल्यावर अतिदक्षता विभागात वापरायचं शेवटचं औषध. जंतूंना त्याला दाद न देण्याची ताकद देणारं, एका जंतूतून दुसऱ्यात जाणारं जनुक चीनमध्ये जनावरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचं २०१५ साली जाहीर झालं. भारतात २०१९ पासून कोंबड्यांना कोलिस्टिन द्यायला बंदी आहे. करारावर पक्षी पाळत असाल तर कंपनीच्या सुपरवायझरने दिलेल्या बाटलीवरचं नाव वाचा. विचारायला संकोच करू नका.

पडदा खालून बांधा आणि वर फूटभर फट रात्रीही मोकळी ठेवा. दुपारी उन्हात पडदे उघडा. शेडमध्ये पिल्लाच्या उंचीवर खाली बसा. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडतेय. पाण्याचं गळकं निपल लगेच बदला, तूस रोज हलवा, ओला गोळा बाहेर काढा.

रानीखेत आणि गंबोरो हे कोंबड्यांचे रोग विषाणूंमुळे होतात, तिथे अँटिबायोटिक निरुपयोगी. लस वेळेवर द्या, पण लसीच्या पाण्यात क्लोरीन नको.

तरीही मर वाढली तर ताजा मेलेला पक्षी पशुवैद्यकाकडे न्या. शवविच्छेदन आणि कोणतं औषध लागू पडतं याची चाचणी करून घ्या. मग सांगितलेला डोस पूर्ण द्या आणि लेबलवर औषध बंद केल्यानंतर थांबायचे जे दिवस दिलेत ते संपल्याशिवाय पक्षी विकू नका.

रावेर-यावलकडे कोंबडीखत थेट केळीत टाकतात. विष्ठेतले हे जंतू त्यातूनही पसरतात, म्हणून ते आधी ढीग लावून, ओलावा राखून, उलथत चांगलं कुजवा. ढीग आतून हात लावता येणार नाही इतका तापला पाहिजे. कच्चं खत विहिरीजवळ टाकू नका.