मंडळीची नियमावली लिहायला बसाल तेव्हा

मागच्या महिन्यात परतूरकडच्या एका स्वतंत्र मंडळीतली, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या छोट्या चर्चमधली, तीन पोरं घरी आली. कापडी पिशवीत संस्था नोंदणीसाठी सात जणांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, फोटो आणि झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली टाइप केलेली नियमावली. "बाई, फक्त नाव टाकायचं राहिलंय, तेवढी एकदा नजर घाला." मी चष्मा लावून वाचायला बसले. ती मुळात कुठल्याशा क्रीडा मंडळाची नियमावली होती. पाळकाचा (पास्टरचा) उल्लेख नव्हता, बाप्तिस्म्याचा नव्हता, आणि अध्यक्षांनी सभा बोलावलीच नाही तर काय करायचं, याबद्दल एक ओळ नव्हती. माझं बोट तिथंच थांबलं. याच एका ओळीवाचून आमच्या मंडळीची चौदा महिने परवड झाली आहे.

मी अंबड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि अकरा वर्षं आमच्या मंडळीची सचिव होते. आमच्या नियमावलीत लिहिलं होतं, "सर्वसाधारण सभा अध्यक्षांच्या संमतीने सचिव बोलावतील." नोंदणीच्या दिवशी ते वाचून कुणालाच काही वाटलं नाही, अध्यक्ष आपलेच होते. पुढे पाळक बदलायचा विषय निघाला, मनं फाटली, कार्यकारी मंडळाची मुदत संपली आणि अध्यक्ष काही संमती देईनात. शेवटी काही जणांनी चर्चच्या आवारात कडुलिंबाखाली सभा घेतली, दुसऱ्यांनी आठ दिवसांनी वेगळी घेतली. दोन्हीकडून बदल अर्ज, म्हणजे नवे पदाधिकारी नोंदवायचे अर्ज, धर्मादाय कार्यालयात गेले. बँकेने सांगितलं, निकाल लागल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. पाळकांचं मानधन थांबलं. त्यांच्या घरात दोन लहान लेकरं होती. बायका रविवारी पदराआड जोंधळ्याचं पीठ घेऊन यायच्या आणि मागच्या दाराने ठेवून जायच्या. त्या नियमावलीच्या शेवटच्या पानावर माझीही सही आहे, म्हणून हे लिहिते आहे.

नियमावली भांडणाच्या दिवसासाठी असते आणि ती लिहायची मात्र प्रेमाच्या दिवसांत. भांडण सुरू झाल्यावर कुणीही निष्पक्ष नियम लिहू शकत नाही.

आधी एक गोष्ट तपासा. तुमची मंडळी एखाद्या मोठ्या पंथाच्या छत्राखाली आहे का? उत्तर भारतीय मंडळी १९७० साली नागपुरात एकत्र आली, तिची स्वतःची घटना आहे. कॅथलिक धर्मप्रांताची व्यवस्था वेगळी आहे. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या बेथेलसारख्या जुन्या मिशनच्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शिस्त असते. तिथल्या लोकांनी वरच्या मंडळाला विचारल्याशिवाय वेगळी संस्था काढू नये, जागेचे वाद तिथूनच सुरू होतात. मी पुढे जे सांगते ते घरातल्या प्रार्थनेपासून वाढलेल्या स्वतंत्र मंडळ्यांसाठी आहे.

मंडळी आणि संस्था या दोन गोष्टी आहेत, हे सगळ्यांना नीट समजावून सांगा. मंडळीत लेकरं येतात, पाहुणे येतात, आजारी माणूस प्रार्थनेसाठी येतो. संस्थेत फक्त नोंदवहीत नाव असलेले सभासद. नियमावली संस्थेची असते. देवाच्या दारात कुणाला घ्यायचं, हे ठरवायला ती नाही.

कागद दोन लागतात, विधानपत्र आणि नियमावली. विधानपत्रात नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावं, पत्ते, व्यवसाय. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे निदान सात माणसं हवीत. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हाही चांगल्या नावाचे सात पुरुषच निवडले होते. आमच्या बैठकीत मी तो अध्याय वाचून दाखवला आणि मग सात नावं विचारली. संस्था नोंदली की सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंद करावी लागते. ज्याला आधी मुंबई म्हणायचे आणि आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० म्हणतात, त्याखाली तीन महिन्यांत अर्ज करायचा. दोन्ही कामं जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय कार्यालयातच होतात. ती झाली की 'एफ'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो.

उद्देश मोकळ्या हाताने पण खरे लिहा. उपासना, शास्त्र शिक्षण, गरजूंना मदत, दफनभूमीची देखभाल, मुलांचं शिक्षण. दफनभूमी विसरू नका. माणूस गेल्यावर संध्याकाळी चार वाजता जागेचा प्रश्न निघतो, तेव्हा कागद हाताशी लागतो.

आता सभासद कोण, यावर सगळ्यात जास्त वेळ घाला. आम्ही तीन संध्याकाळी घातल्या. बाप्तिस्मा झालेला, अठरा वर्षं पूर्ण, विश्वासाची कबुली देणारा, इथवर सोपं असतं. मग कुणीतरी म्हणतं, "उपासनेला नियमित येणारा असावा, सलग तीन महिने गैरहजर राहिला तर नाव कमी." ऐकायला योग्य वाटतं. पण आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की निम्मी मंडळी कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, कुणी साताऱ्याकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. सहा महिने ती माणसं पालात राहतात आणि फडावरच रविवारची प्रार्थना करतात. त्या एका ओळीने मंडळीतल्या सगळ्यात गरीब माणसांचं मत गेलं असतं. आम्ही लिहिलं, "मजुरी, नोकरी, शिक्षण किंवा आजारपणामुळे बाहेरगावी असलेल्या सभासदाची अनुपस्थिती गैरहजेरी धरली जाणार नाही."

वर्गणीचंही तसंच. कायद्यातच आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांच्या वर थकली, त्याला मत नाही आणि तो सभासद म्हणून मोजला जात नाही. म्हणून वर्गणी महिन्याची ठेवूच नका. वर्षाला एकदा, परवडेल एवढी, आणि द्यायची तारीख माणसं फडावरून परतल्यावरची. दशमांश, म्हणजे देवाला द्यायचा कमाईचा दहावा भाग, आणि वर्गणी एकत्र करू नका. दशमांश माणूस देवाला देतो, त्याच्या पावतीवर मताचा हक्क टांगू नये, हे माझं ठाम मत आहे.

याच हिशोबाने वार्षिक सभा मे महिन्याच्या उत्तरार्धात ठेवा. मार्चअखेरचा हिशोब तयार असतो, ऊसतोडवाले परत आलेले असतात, शाळांना सुट्टी असते आणि पेरणीला अजून थोडा अवकाश असतो. मृग लागला की कुणी सभेला येत नाही. सभा झाल्यापासून चौदा दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी कार्यालयात द्यायची असते, ते काम नियमावलीतच सचिवाच्या नावावर लिहून टाका.

सभेची सूचना किती दिवस आधी, कशी, हे स्पष्ट लिहा. आमच्याकडे पूर्ण पंधरा दिवस आधी लेखी सूचना, विषयपत्रिकेसह, सही घेऊन. शिवाय दोन रविवारी वेदीवरून जाहीर वाचन. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकतो, पण नुसत्या त्यावर भिस्त ठेवत नाही. म्हाताऱ्या माणसांचा फोन नातवाकडे असतो. आणि आता ती ओळ, जी आमच्याकडे नव्हती. जशीच्या तशी उतरवून घेतलीत तरी चालेल:

"एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश सभासदांनी विषय नमूद करून लेखी मागणी केल्यास सचिवाने एकवीस दिवसांच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. सचिवाने न बोलावल्यास अध्यक्षांनी, आणि त्यांनीही पुढील दहा दिवसांत न बोलावल्यास मागणी करणाऱ्या सभासदांनी याच नियमातील पद्धतीने सूचना देऊन सभा बोलवावी. अध्यक्ष अनुपस्थित असल्यास उपस्थित सभासद आपल्यातून सभाध्यक्ष निवडतील."

गणपूर्तीचा, म्हणजे सभेला निदान किती सभासद हवेत याचा, नियम नसेल तर दहा माणसं बसून सगळं ठरवतात. गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा घेण्याची आपल्याकडे रीत आहे. ती नेहमीच्या कामासाठी ठीक आहे. पण नियमात बदल, जमीन, पाळकाची नेमणूक, सभासदाला काढणं, हे विषय तशा सभेत घेता येणार नाहीत, असं सोबतच लिहा.

कार्यकारी मंडळ सात किंवा नऊ जणांचं पुरे. मुदत तीन वर्षं. मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही तर? जुनं मंडळ जास्तीत जास्त सहा महिने रोजचं काम बघेल, मोठा खर्च किंवा करार करणार नाही, असं लिहा. बायकांच्या जागा राखून ठेवा. आमच्या मंडळीत उपासनेला दोन तृतीयांश बायका असायच्या आणि पहिल्या मंडळात मी एकटीच होते.

पाळकांना अध्यक्ष करावं का, हा प्रश्न हमखास येतो. माझ्या मते करू नये. पाळक मंडळावर पदसिद्ध असावेत, आत्मिक बाबतीत त्यांचा शब्द महत्त्वाचा असावा, पण चेकवर त्यांची सही नको आणि स्वतःच्या मानधनाच्या विषयावर मत नको. यात अविश्वास नाही. पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात मदतीचे पैसे पोहोचवताना सोबत माणसं पाठवतो आणि सांगतो की कुणी आमच्यावर ठपका ठेवू नये म्हणून जपतो आहोत. पाळकांची अब्रू जपायचा तोच मार्ग आहे. पाळकांची नेमणूक कशी, मुदत किती, सेवा थांबवायची तर किती महिन्यांची सूचना, राहतं घर कधी सोडायचं, हे सगळं आधीच लिहून ठेवा. आमचं भांडण तिथूनच सुरू झालं होतं.

पैशाबद्दल थोडक्यात. अर्पणाची थैली उपासना संपल्याबरोबर दोघांनी मोजायची, वेगवेगळ्या घरांतल्या, आणि वहीत आकडा अक्षरी लिहून तिथंच सह्या. बँकेत तीनपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या, त्यात नवरा-बायको किंवा सख्खे भाऊ नकोत. हंगामाच्या सणाला येणाऱ्या जिनसांचाही हिशोब ठेवा. एका सणाला आमच्याकडे कापसाचं गाठोडं, तुरीची तीन पायल्या डाळ, भोपळे आणि एक गावरान कोंबडी आली. कोंबडीचा लिलाव तीनदा झाला, कारण घेणारा ती परत अर्पण करायचा. तिन्ही रकमा वेगळ्या लिहिल्या, म्हणून लेखापरीक्षकाला उत्तर देता आलं. हिशोबाचं लेखापरीक्षण सक्तीचं आहे. परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशी संस्थेकडून पैसे घ्यायचे असतील तर परकीय योगदानाच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसताना एक रुपयाही घेऊ नका, पाठवणारा कितीही जवळचा असो.

जागा संस्थेच्याच नावावर घ्या. पाळकांच्या नको, वडीलमंडळींतल्या कुणाच्या नको. ओळखीच्या एका मंडळीने पत्र्याचं चर्च एका भल्या माणसाच्या नावावरच्या दोन गुंठ्यांत बांधलं. तो माणूस वारला, सात-बारावर वारसांची नावं लागली, आणि एका रविवारी दाराला कुलूप दिसलं. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठला संस्थेचं नाव लागलंय का, हे स्वतः जाऊन बघा. आणि न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची किंवा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. कर्ज काढायलाही लागते. नियमावलीत याचा उल्लेख करा, म्हणजे उद्याच्या मंडळाला माहीत नव्हतं असं व्हायला नको.

सभासदाला काढण्याचा नियम लिहिताना मत्तयाचा अठरावा अध्याय समोर ठेवा. आधी एकट्याने जाऊन बोलायचं, मग एक-दोन जणांना घेऊन, मग मंडळीपुढे. आम्ही त्याच तीन पायऱ्या नियमात उतरवल्या. लेखी आरोप, पंधरा दिवसांची मुदत, समोर बसवून ऐकून घेणं आणि शेवटी सर्वसाधारण सभेकडे अपील. प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीपासून) काही काळ दूर ठेवणं ही पाळकांची आत्मिक शिस्त झाली. तिने संस्थेचं सभासदत्व आपोआप जात नाही, हे वेगळं वाक्य लिहून स्पष्ट करा.

उद्देश बदलायचे तर कायद्याने दहा दिवसांची सूचना, तीन पंचमांश मतं आणि महिन्यानंतर दुसऱ्या सभेत पुन्हा तीन पंचमांश मतं लागतात. नियमावलीतल्या बदलालाही आम्ही तीन पंचमांशच ठेवलं. संस्था कधी बंद झाली तर उरलेलं धन सभासदांत वाटता येत नाही, ते अशाच दुसऱ्या संस्थेला जातं.

पदाधिकारी बदलले, कुणी वारलं, पत्ता बदलला, तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा. ज्या संस्थांचे दहा-दहा वर्षांचे बदल अर्ज पडून असतात, त्यांच्या पहिल्या मंडळातली मयत माणसंच कागदावर विश्वस्त राहतात. इतिवृत्ताची वही बांधीव घ्या, पानांना क्रमांक घाला आणि सभा उठण्याआधी सूचक-अनुमोदकाची नावं लिहून वाचून दाखवा.

मसुदा झाला की वकिलाला दाखवायच्या आधी मंडळीत मोठ्याने वाचा. आमची नवी नियमावली आम्ही मे महिन्यातल्या चार रविवारी, उपासनेनंतर, थोडी थोडी वाचली. तिसऱ्या रविवारी मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारलं, "मी आता लेकीकडं राहायला चालले बीडला. मालक गेल्यापासून इथं कुणी नाही. मग माझं नाव खोडणार का? मला माती तर इथंच द्यायची ना?" आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. त्याच दुपारी आम्ही कलम अकराला एक ओळ जोडली की वृद्धापकाळामुळे नातेवाइकांकडे राहायला गेलेल्या सभासदाचं नाव नोंदवहीत कायम राहील, त्यांच्याकडून वर्गणी घेतली जाणार नाही आणि दफनभूमीतला त्यांचा हक्क अबाधित राहील. आजींना ती दोनदा वाचून दाखवली, मग त्यांनी अंगठा उठवला.