गाडीतलं नेव्हिगेशन वापरताना या चुका टाळा

नेव्हिगेशनने भलत्याच रस्त्याला नेलं, असं कुणी म्हणालं की मी आधी एकच विचारतो: मार्गाच्या सेटिंगमध्ये काय निवडलंय? बहुतेकांनी ते पान एकदाही उघडलेलं नसतं.

सगळ्यांत जास्त मनस्ताप इथूनच सुरू होतो. 'कमी अंतराचा' आणि 'कमी वेळेचा' हे दोन वेगळे पर्याय आहेत. कमी अंतराचा निवडलात तर दोन-तीन किलोमीटर वाचवायला यंत्र तुम्हाला गल्लीबोळातून किंवा अरुंद कच्च्या वाटेवरून नेईल. रोजच्या वापराला कमी वेळेचाच ठेवा. त्याखालीच टोल टाळा, महामार्ग टाळा, फेरीबोट टाळा असे पर्याय असतात. यातलं काही एकदा चालू केलं की बऱ्याच गाड्यांत ते पुढच्या प्रवासालाही तसंच राहतं. गाडी घरातले दोघं-तिघं चालवत असतील, तर निघण्यापूर्वी हे पान बघण्याची सवय लावून घ्या.

दुसरी चूक पत्ता टाकताना होते. एकाच नावाची गावं आणि रस्ते कितीतरी असतात, आणि यादीतलं पहिलं नाव घाईत दाबलं जातं. मार्ग आखून झाला की आधी एकूण अंतर वाचा. 40 किलोमीटरच्या जागी 400 दिसले तर तिथेच थांबा. अक्षांश-रेखांश टाकत असाल तर आणखी जपून. एका अंशात 60 मिनिटं असतात, त्यामुळे 40 अंश 30 मिनिटं म्हणजे 40.30 नव्हे, 40.5. एक अंश अक्षांश साधारण 111 किलोमीटरचा असतो, म्हणजे एवढ्याशा गोंधळाने तुम्ही 22 किलोमीटर दूर पोहोचता.

बाण चुकीच्या जागी दिसतोय?

तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर आल्या आल्या मिळालेल्या पहिल्या सूचनेवर वळू नका. जागा नीट ठरवायला किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात. जीपीएसचे हे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत, आणि प्रत्येकाकडून त्याच्या कक्षेची माहिती पूर्ण यायला 30 सेकंद लागतात. गाडी बरेच दिवस बंद असेल तर ही माहिती नव्याने घ्यावी लागते, म्हणून मोकळ्या आकाशाखाली एखादं मिनिट थांबा. शिवाय उभ्या गाडीचं तोंड कुठे आहे हे उपग्रहाच्या सिग्नलवरून कळत नाही, ते गाडी हलल्यावरच समजतं. सुरुवातीला बाण उलटा दिसला तर घाबरून वळण घेऊ नका, थोडं सरळ पुढे जा.

बोगद्यात सिग्नल नसतो. कंपनीने बसवलेल्या अनेक यंत्रणा तिथे चाकांच्या वेगावरून आणि जायरो सेन्सरवरून (गाडी किती वळली ते मोजणारा भाग) अंदाज बांधतात. बोगदा लांब असेल तर ती चूक साचत जाते आणि बाहेर आल्यावर आपोआप सुधारते. उड्डाणपूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड मात्र खरंच अवघड जागा. दोन्ही रस्ते नकाशावर जवळजवळ एकावर एक येतात, त्यामुळे तिथे पाट्याच वाचा. बाण नेहमीच भरकटत असेल तर काचेवरची धातूमिश्रित फिल्म तपासा, ती सिग्नल अडवते.

गाडी उभी असताना बाण पळत असेल, तर डेमो किंवा सिम्युलेशन मोड, म्हणजे प्रवास नुसता पडद्यावर करून दाखवणारी सोय, चालू राहिलाय का ते पाहा.

आवाज येत नाही

गाण्यांचा आणि सूचनांचा आवाज बहुधा वेगवेगळा असतो. सूचना चालू असतानाच नॉब फिरवा, बऱ्याच गाड्यांत तेव्हाच सूचनांचा आवाज बदलतो. नकाशा उलटसुलट वाटत असेल तर होकायंत्राचं चिन्ह दाबून 'उत्तर वर'ऐवजी 'प्रवासाची दिशा वर' निवडा.

जुन्या यंत्रात तारीख एकदम वीसेक वर्षं मागे गेली असेल तर ते खराब झालंय असं समजू नका. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा 1024 नंतर पुन्हा शून्यावर येतो. 6 एप्रिल 2019 च्या रात्री तसं झालं होतं. निर्मात्याचं सॉफ्टवेअर अपडेट मिळत असेल तर ते टाका. पेन ड्राइव्ह किंवा एसडी कार्डावरून अपडेट करताना मध्येच इंजिन बंद करू नका किंवा कार्ड काढू नका, नाहीतर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. नकाशा अपडेट न केल्याने नवा बायपास दिसत नाही आणि बाण शेतातून धावताना दिसतो.

चालत्या गाडीत पत्ता टाकू नका. शेजारी कुणी असेल तर त्याला सांगा, नाहीतर बाजूला थांबा.

गाडी विकताना मात्र एक काम बहुतेकजण विसरतात, याची मला फार काळजी वाटते. 'घर' म्हणून साठवलेला पत्ता, अलीकडची ठिकाणं आणि जोडलेल्या फोनमधले नंबर यंत्रात तसेच राहतात. किल्ली हातात देण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट करा, आणि यंत्र पुन्हा चालू करून यादी रिकामी झाल्याची खात्री करून घ्या.